एकट्याने घेतलेला उपचार अर्धाच राहतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज. कोर्स घरपोच. नाव गुप्त ठेवले जाईल.’ एस.टी. स्थानकाच्या मुतारीत, लोकलच्या डब्यात आणि वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींतही हा मजकूर वर्षानुवर्षे दिसतो. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. ज्या आजारांवरच्या इलाजाची जाहिरात करायला त्याने मनाई केली, त्यांच्या यादीत सिफिलिस आणि गनोरिया नावानिशी आहेत. तरीही ही जाहिरात टिकून आहे, कारण असा त्रास घेऊन डॉक्टरांसमोर बसण्यापेक्षा पाकीट मागवणे सोपे वाटते. त्या पाकिटात, किंवा मेडिकलच्या काउंटरवर ‘मित्रासाठी हवंय’ म्हणून घेतलेल्या स्ट्रिपमध्ये, नेमके काय चुकते हे सांगायला हे पत्र लिहीत आहोत.

तरुण पुरुषाला लघवीला जळजळ होते, कपड्याला पिवळट डाग पडतो. घरी ‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्याजिऱ्याचे पाणी दिले जाते. उन्हाळीत पू येत नाही. पू येत असेल तर बहुधा गनोरिया असतो, ज्याला जुनी माणसे परमा म्हणत. संबंधानंतर साधारण २ ते ५ दिवसांत तो दिसू लागतो. स्राव पातळ, चिकट असेल आणि आठवडा-दोन आठवड्यांनी सुरू झाला असेल तर क्लॅमिडिया या दुसऱ्या जंतूचा संशय येतो. पुष्कळदा दोन्ही एकाच वेळी असतात, म्हणून सरकारी पद्धतीत दोन्हींवर एकदमच औषध देतात. काउंटरवर मात्र सवयीने सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादी गोळी हातात पडते. या गोळ्यांना गनोरियाचे जंतू आता जुमानत नाहीत. जळजळ थोडी कमी होते, रुग्ण खूश होतो आणि जंतू तसेच राहतात. गनोरियावर चालणारी सेफिक्झिमसारखी गोळी तर १ मार्च २०१४ पासून एच-१ यादीत आहे: चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, आणि दिल्यावर रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती ३ वर्षे जपायची. ही वही प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या दुकानदारांबद्दल आम्हाला आदर आहे. त्यांनी नाही म्हटले तर ते अडवणूक करत नसतात, तुमच्याआमच्यासाठी औषधाचा गुण वाचवत असतात.

जळजळीपेक्षाही फसवा आहे सिफिलिसचा चट्टा. संबंधानंतर सरासरी ३ आठवड्यांनी (१० ते ९० दिवसांत कधीही) लिंगावर, योनिमुखाशी, गुदद्वारापाशी किंवा ओठावर एक कडक कडांचा व्रण येतो. तो दुखत नाही, म्हणून दुर्लक्षिला जातो. स्त्रीच्या योनीत आतल्या बाजूला असला तर तिला कधी कळतही नाही. जांघेत अवधाण (गाठ) येते, तीही दुखत नाही. मग ३ ते ६ आठवड्यांत काहीही न करता व्रण बुजतो. ज्याने मलम लावले त्याला मलमाचा गुण वाटतो, ज्याने सब्जा-गुलकंद घेतले त्याला ‘उष्णता उतरली’ असे वाटते आणि ज्याने पाकीट मागवले तो दुसऱ्यालाही पत्ता देतो. जंतू मात्र रक्तात पोहोचलेला असतो. काही आठवड्यांनी अंगभर पुरळ उठते. तळहात आणि तळपायांवर उठलेले, फारशी खाज नसलेले पुरळ दिसले की ॲलर्जीची गोळी घेण्याआधी सिफिलिसची रक्तचाचणी करावी. हे पुरळही आपोआप जाते. त्यानंतर वर्षानुवर्षे काही दिसत नाही, आणि पुढे काहींच्या मेंदूवर, हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीवर, डोळ्यांवर घाला पडतो. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी आपल्या वैद्यकग्रंथात याला ‘फिरंग रोग’ म्हटले, कारण तो पोर्तुगिजांबरोबर आला असे मानले गेले. आज त्यावर स्वस्त आणि खात्रीचे इंजेक्शन असताना तो दडून राहतो, याचे आम्हाला वाईट वाटते.

व्रण दुखरे असतील, आधी बारीक पाण्याच्या फोडांचा घोस येऊन फुटला असेल आणि असे पुन्हा पुन्हा होत असेल तर ती नागीण जातीची हर्पिस असते. तिचा विषाणू शरीरातून जात नाही, पण पहिल्या झटक्यात ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून ३ वेळा ७ दिवस घेतले की फोड लवकर सुकतात. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट हमखास बिघडवते: स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र केलेली तिहेरी मलमे. जांघेतल्या खाजेसाठी ती घरोघर असतात. व्रणावर लावली की त्याचे रूप बदलते आणि तपासणाऱ्यालाही ओळखू येत नाही. व्रणाला तपासणीपर्यंत साधे पाणी पुरे.

स्त्रियांचा प्रश्न वेगळा आणि अधिक कठीण आहे. गनोरिया आणि क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना काहीच जाणवत नाही. याउलट ‘अंगावरून पांढरे जाते’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक जणींना संबंधांतून लागलेला रोग नसतोच. दह्याच्या चोथ्यासारखा स्राव आणि प्रचंड खाज ही बुरशी. करडा, पातळ, माशासारखा वास येणारा स्राव म्हणजे योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडणे. या दोन्हींवरून नवऱ्यावर किंवा बाईवर संशय घेणे अन्यायाचे आहे. फेसाळ, पिवळट-हिरवा आणि खाजरा स्राव बहुधा ट्रायकोमोनास या परजीवीचा असतो, आणि तो मात्र संबंधांतून येतो, म्हणून नवऱ्यालाही औषध लागते. पाळीच्या मधल्या दिवसांत येणारा पारदर्शक, ताणला जाणारा स्राव तर आजारच नव्हे. यांतला फरक आत पाहिल्याशिवाय, म्हणजे स्पेक्युलम (योनी उघडून पाहण्याचे साधन) घालून गर्भाशयमुख तपासल्याशिवाय, खात्रीने सांगता येत नाही. आतून जंतुनाशक घातलेल्या पाण्याने किंवा साबणाने धुणे तेवढे ताबडतोब थांबवावे. योनीत राहणारे उपयोगी जंतू त्याने मरतात आणि स्राव वाढतो.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले होते. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. या तपासणीवाचून काय होते ते बीड जिल्ह्याने तीस वर्षांनी दाखवले. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सहांतली एक. त्यामागे कारणे अनेक आहेत: बुडणारी मजुरी, मुकादमाची उचल, फडात पाणी आणि आडोसा नसणे. पण पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे आणि पाळीचा त्रास याच तक्रारी घेऊन बाया दवाखान्यात गेल्या होत्या. पांढरे जाणे हे गर्भाशय काढण्याचे कारण होऊ शकत नाही. त्यावर उपचार गोळ्यांचा आहे. दसऱ्यानंतर टोळ्या निघण्याआधी गावातच जोडप्याची तपासणी आणि औषध झाले, तर यातल्या कितीतरी जणींचा पहिला डॉक्टर हा सर्जन नसेल.

ओटीपोटात दुखणे, संबंधाच्या वेळी आत दुखणे, ताप अशी लक्षणे असतील तर संसर्ग गर्भनलिकांपर्यंत गेलेला असू शकतो. तिथे एका दिवसाचे औषध पुरत नाही, १४ दिवसांचेच घ्यावे लागते. मधेच सोडल्यास नलिका चिकटतात, वंध्यत्व येते किंवा गर्भ नळीतच रुजतो. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात दुखले तर आधी गरोदरपणाची चाचणी आणि लगेच रुग्णालय. नळीतला गर्भ फुटला तर तास मोजायला वेळ नसतो.

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले तो मुद्दा. संसर्ग दोघांत असतो आणि औषध एकच जण घेतो. नवरा मुंबईत तपासून बरा होतो, सणाला गावी येतो, बायकोकडून तोच संसर्ग परत घेऊन जातो आणि ‘औषध लागू पडले नाही’ म्हणून जास्त ताकदीची गोळी मागतो. ती गोळी चुकीची नव्हतीच. दोघांनी एकाच दिवशी औषध घ्यायचे, आणि दोघांचेही औषध संपल्यावर ७ दिवस संबंध ठेवायचे नाहीत. एका डोसचे औषध असले तरी हे ७ दिवस पाळायचेच. मागच्या तीन महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आले त्या सर्वांना कळवायला हवे, त्यांना काही त्रास नसला तरीही. सरकारी केंद्रातले समुपदेशक जोडीदाराला बोलावण्यासाठी मदत करतात. घरात सांगितल्यावर मारहाण होईल अशी भीती असेल तर ती समुपदेशकाला आधीच सांगावी, मग सांगण्याची वाट वेगळी काढता येते. आणि एक गोष्ट जोडप्यांनी शांतपणे समजून घ्यावी: क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास शरीरात महिनोन् महिने गप्प राहू शकतात. आज सापडला म्हणजे कालच कुणी फसवले, असे रिपोर्टवरून ठरत नाही.

हे औषध कुठे मिळते? जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत, वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाने केंद्रे आहेत. पुरुष बहुधा त्वचारोग विभागातून तिथे पोहोचतात, स्त्रिया स्त्रीरोग विभागातून. तिथे रंगांवरून ओळखली जाणारी औषधांची किट्स मोफत देण्याची पद्धत आहे. करड्या किटात ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, लघवीच्या जागेतून पू येणाऱ्यांसाठी. हिरव्यात सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, योनिस्रावासाठी. पांढऱ्यात पेनिसिलिनचे इंजेक्शन आणि ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, न दुखणाऱ्या व्रणासाठी. लाल हर्पिसचे, पिवळे ओटीपोटाच्या दुखण्याचे, काळे जांघेतल्या बदेचे (सुजलेल्या गाठीचे), आणि ज्यांना पेनिसिलिन चालत नाही त्यांच्यासाठी निळे. रंग इथे सांगितले ते स्वतः निवडण्यासाठी नव्हे. मिळालेल्या किटातले सगळे घेतले का, हे घरी गेल्यावर ताडून पाहता यावे म्हणून सांगितले. लक्षणांवरून किट देण्याच्या पद्धतीला मर्यादा आहेत, आणि ज्या स्त्रीला लक्षणच नाही तिला ती सापडत नाही. तरी प्रयोगशाळेचा रिपोर्ट येईपर्यंत आठ दिवस संसर्ग पसरू देण्यापेक्षा पहिल्याच भेटीत औषध देणे आम्हाला योग्य वाटते.

गोळ्यांचे काही नियम चिठ्ठीवर क्वचित लिहिले जातात. मेट्रोनिडॅझोल किंवा सेक्निडॅझोल घेताना आणि त्यानंतर दोन-तीन दिवस दारू घेऊ नये. तोंडाला धातूची चव येते, ती आपोआप जाते. डॉक्सिसायक्लिन दूध किंवा ॲसिडिटीच्या औषधाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. ती पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यावी आणि अर्धा तास आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत व्रण पडतो. गरोदर बाईने ती घेऊ नये. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर केंद्रात कळवून डोस पुन्हा घ्यावा. सात दिवसांनी स्राव थांबला नसेल तर तीच गोळी परत घ्यायची नाही. जोडीदाराचे औषध राहिले, संसर्ग पुन्हा लागला की जंतू दाद देत नाही, यांतले काय ते तपासूनच ठरते.

सिफिलिसवर बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, सुरुवातीच्या वर्षभरात एकदाच. संसर्ग जुना किंवा केव्हाचा ते माहीत नसेल तर आठवड्याच्या अंतराने ३ वेळा. हे औषध घट्ट असते, बारीक सुईत अडकते, म्हणून २१ गेजची सुई लागते. खोल स्नायूत, बहुधा निम्मे निम्मे दोन्ही कुल्ल्यांत देतात. शिरेत ते कधीच द्यायचे नसते. दुखते, हे खरे आहे. पहिल्या २४ तासांत ताप, अंगदुखी येऊ शकते, ती जंतू मरताना होणारी प्रतिक्रिया असते, ॲलर्जी नव्हे. खऱ्या ॲलर्जीच्या भीतीने अनेक खासगी दवाखाने हे इंजेक्शन टाळतात आणि गोळ्यांवर भागवतात. ॲड्रेनॅलिनची (ॲलर्जीच्या झटक्यावरच्या इंजेक्शनाची) तयारी ठेवून दिले आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवले तर ते सुरक्षितपणे देता येते. गरोदर बाईच्या बाबतीत तर टाळाटाळ परवडणारीच नाही. पोटातल्या बाळापर्यंत पोहोचून सिफिलिस बरा करणारे खात्रीचे औषध पेनिसिलिन हेच आहे, आणि ते बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी मिळायला हवे. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच एचआयव्हीबरोबर सिफिलिसची चाचणी मागून घ्यावी. दिवस भरत आल्यावर माहेरी जाऊन तिथे पहिल्यांदा रक्त दिले तर चाचणी होते, पण बाळासाठी वेळ हातात राहत नाही. उपचार न झालेल्या सिफिलिसने गर्भपात होतो, मूल मृत जन्मते किंवा आजार घेऊन जन्मते. नवऱ्याची चाचणी आणि इंजेक्शन त्याच आठवड्यात.

रिपोर्ट वाचताना होणारा घोळ फार जणांना छळतो. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही सिफिलिसची रक्तचाचणी संसर्गाचा जोर दाखवते. १:३२ वरून ६ ते १२ महिन्यांत १:८ किंवा त्याखाली आली की औषध लागू पडले. टीपीएचए ही दुसरी चाचणी एकदा पॉझिटिव्ह आली की बरे झाल्यावरही बहुधा आयुष्यभर तशीच राहते. आखाती देशांच्या व्हिसासाठी तपासणी करताना सिफिलिसची चाचणी होते. कोकणातला एखादा तरुण जुना, बरा झालेला आजार पुन्हा उलटला समजून हवालदिल होतो, आणि कुणीतरी त्याला इंजेक्शनांचा नवा कोर्स विकतो. जुन्या उपचाराचा कागद आणि व्हीडीआरएलचे आकडे जन्मभर जपून ठेवावेत. उलट, नुसती व्हीडीआरएल १:२ इतकी किंचित पॉझिटिव्ह आली तर ती गरोदरपण, मलेरिया किंवा संधिवातासारख्या आजारानेही येऊ शकते, खात्री टीपीएचएने करतात.

असुरक्षित संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी केलेली एचआयव्ही किंवा सिफिलिसची निगेटिव्ह चाचणी काही सांगत नाही. ती पुन्हा ३ महिन्यांनी करावी. मात्र समोरची व्यक्ती एचआयव्हीबाधित असण्याची शक्यता असेल, किंवा बलात्कार झाला असेल, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठावे. २८ दिवसांची औषधे संसर्ग टाळू शकतात, आणि जितक्या लवकर सुरू होतील तितके बरे. जननेंद्रियावर व्रण असेल तर एचआयव्ही लागण्याचा धोका वाढतो, म्हणून सिफिलिस आणि एचआयव्हीच्या चाचण्या जोडीनेच करतात.

निरोध वापरूनही संसर्ग झाला असे सांगणाऱ्यांची चूक बहुधा वापरण्यात असते. खिशातल्या पाकिटात महिनाभर दबलेला, खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलेला निरोध फाटतो. तेलाने रबर कमकुवत होते, ओलावा हवा तर पाण्यात विरघळणारी जेली घ्यावी. टोक चिमटीत धरून हवा काढायची, संबंध सुरू होण्याआधीच चढवायचा, एकावर एक दोन घालायचे नाहीत, बाहेर काढताना बुडाशी धरायचा. झाकल्या न जाणाऱ्या त्वचेवरून हर्पिस, सिफिलिस आणि एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा विषाणू) तरीही लागू शकतात, एवढी मर्यादा माहीत असावी. तांबी आणि गर्भनिरोधक गोळ्या मूल थांबवतात, संसर्ग थांबवत नाहीत. मुखमैथुनातूनही हे संसर्ग लागतात.

एचपीव्हीची लस पुण्यातच तयार होते, ९ ते १४ वयाच्या मुलींना ती सर्वांत उपयोगी पडते. हिपॅटायटिस बीची लस लहानपणी न मिळालेल्या मोठ्यांनी ०, १ आणि ६ महिने अशी तीन वेळा घ्यावी.

केंद्रात जाताना पुरुषांनी आधी दोन तास लघवी करू नये, स्राव धुतला गेला तर नमुना मिळत नाही. स्त्रियांनी आतून धुऊन जाऊ नये, शक्यतो पाळी संपल्यावर जावे, पण दुखत असेल किंवा ताप असेल तर पाळीची वाट पाहू नये. आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे बरोबर न्यावीत, नाव आठवत नसले तरी चालते. संबंध गुदमार्गाने किंवा तोंडाने आले असतील तर तसे सांगावे, कारण तपासणी आणि नमुना तिथला लागतो. दोन पुरुषांचे राजीखुशीचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून गुन्हा राहिलेले नाहीत. एचआयव्हीची चाचणी संमतीनेच करायची आणि निकाल गुप्त ठेवायचा, हे १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने बंधनकारक आहे. जाहिरातवाल्यांचे ‘नाव गुप्त’ हे आश्वासन आहे, इथे तो हक्क आहे. जवळचे केंद्र कुठे ते १०९७ या मोफत क्रमांकावर कळते.

आपल्याकडे एक विनंती आहे. छोट्या जाहिरातींच्या पानावरचा तो ‘खात्रीशीर इलाज’ यापुढे घेऊ नये, आणि त्याच चौकटीत आठवड्यातून एकदा जरी १०९७ हा क्रमांक छापला तर मजकूर आम्ही विनामूल्य लिहून देऊ.

आपले,
जिल्ह्यातील काही त्वचारोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ व समुपदेशक